‘सगळे’ म्हटलं की क्वेरी का रेंगाळते?

प्रश्न : मॅडम, मी एका कॉलेजच्या ऑफिसात संगणकाचं काम बघतो. सक्तीचे सगळे विषय सुटलेल्या विद्यार्थ्यांची यादी दर सत्राला लागते. ‘नॉट एक्झिस्ट्स’च्या (‘असं काही नाही’) आत ‘नॉट एक्झिस्ट्स’ अशी क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारायचा प्रश्न, लिहिली. उत्तर बरोबर येतं, पण चहा पिऊन आलो तरी ती चालूच असते. त्याऐवजी ‘काउंट’ (मोजणी) वापरलं तर चालेल का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : चालेल. पण घोडं कुठे अडलंय ते आधी बघू.

एसक्यूएलमध्ये, म्हणजे क्वेरी लिहायच्या भाषेत, ‘निदान एक’ सरळ विचारता येतं, ‘सगळे’ नाही. म्हणून आपण उलटं बोलतो : न सुटलेला एकही सक्तीचा विषय ज्याच्या नावावर नाही, असा विद्यार्थी दे. डेटाबेस संशोधक एडगर कॉड यांनी 1972 मध्ये रिलेशनल अल्जेब्रात, म्हणजे टेबलांच्या गणितात, यासाठी भागाकार (‘यातल्या सगळ्यांशी जुळणारे दे’ अशी क्रिया) मांडला होता. एसक्यूएलने तो घेतला नाही, आणि मला ते आजही खटकतं. तुमच्या मनात भागाकार असतो, इंजिनला, म्हणजे क्वेरी चालवणाऱ्या यंत्रणेला, दिसतात दोन नकार. आतला नकार विद्यार्थी आणि विषय दोघांनाही बांधलेला, त्यामुळे ते एकेक जोडी तपासत बसतं. 12,000 विद्यार्थी आणि 6 विषय धरले, तर 72,000 पर्यंत शोध. इंडेक्स (पुस्तकामागच्या सूचीसारखी शोधसूची) नसेल तर प्रत्येक शोधाला निकालांचं टेबल पहिल्यापासून चाळायचं. तुमचा चहा बहुधा यातच होतो.

आता काउंट. उत्तीर्ण नोंदी सक्तीच्या विषयांशी जॉइन करा (जोडा), विद्यार्थी क्रमांकावर ग्रुप बाय करा (गट पाडा), आणि हॅविंगमध्ये, म्हणजे गटांना लावायच्या अटीत, विषयांचा काउंट डिस्टिंक्ट (वेगवेगळ्या विषयांची मोजणी) सक्तीच्या एकूण विषयांइतका भरतो का ते बघा. जॉइन गाळलात तर ऐच्छिक विषयही मोजले जातील. डिस्टिंक्ट गाळलात तर श्रेणीसुधारासाठी पुन्हा बसलेल्याचा एकच विषय दोनदा धरला जाईल, आणि एक विषय राहिलेला मुलगा खुशाल यादीत येईल.

आणखी एक गंमत. नव्या सत्राचे सक्तीचे विषय अजून भरलेच नसतील, तर दोन नकारांची क्वेरी सगळ्यांना पास करते (न सुटलेला विषयच सापडत नाही), काउंटवाली कोणालाच नाही (जोडायला विषयच नाहीत). तर्काने पहिलीच बरोबर, पण ऑफिसला दुसरी परवडते.

इंजिनमध्येच भागाकार असता तर? डेटाबेस संशोधक गोएत्झ ग्रेफ यांनी 1989 मध्ये अशा भागाकाराची हॅश-डिव्हिजन ही पद्धत मांडली. सक्तीच्या विषयांना अनुक्रमांक द्यायचे, प्रत्येक विद्यार्थ्यामागे तेवढ्या बिटांची (हो-नाहीच्या खुणांची) पट्टी ठेवायची, उत्तीर्ण नोंद वाचली की त्या विषयाचं बिट लावायचं. शेवटी ज्याची पट्टी पूर्ण भरली तो उत्तीर्ण. निकाल एकदाच वाचायचे, सॉर्टिंग नको, आणि तीच नोंद दोनदा आली तरी बिट एकच, म्हणजे डिस्टिंक्टचीही कटकट नाही. तुमचा ग्रुप बाय याच्या बराच जवळ जातो.

तोवर विद्यार्थी क्रमांक आणि विषय या जोडीवर इंडेक्स टाका. कदाचित जुनी क्वेरीही तेवढ्यावर पळेल. शाखेनुसार सक्तीचे विषय वेगळे असतील, तर जॉइनमध्ये शाखाही घ्या आणि तुलनेचा आकडा त्या त्या शाखेपुरता मोजा.