गोड पावडरच्या कारखान्यात मुलाला पाठवू का?

प्रश्न: मी चोपडा तालुक्यात अंगणवाडी सेविका आहे. मुलगा केमिस्ट्री घेऊन बीएस्सी झाला. अंकलेश्वरच्या एका कंपनीत ट्रेनी केमिस्टची ऑफर आली आहे. शुगर-फ्री गोळ्यांत असतं ते सुक्रालोज तिथे बनतं. माझे दीर म्हणतात, त्याने कॅन्सर होतो. मुलाने त्या पावडरीचा सेफ्टीचा कागद दाखवला, त्यात 'धूळ श्वासात घेऊ नका, डोळ्यांत गेल्यास भरपूर पाण्याने धुवा' असं लिहिलंय. आमच्या ह्यांना शुगर आहे, ते रोज तीच गोळी चहात टाकतात. मुलाला पाठवू, की जळगावला एमएस्सीला घालू? उत्तर आठ दिवसांत द्यायचं आहे.

उत्तर: ताई, आधी चहातली गोळी बाजूला काढू, तिचं उत्तर छोटं आहे. सुक्रालोज साखरेच्या सुमारे 600 पट गोड. एक चमचा, म्हणजे पाच ग्रॅम साखरेची गोडी आठेक मिलिग्रॅममध्ये येते. अन्नातील रसायनं तपासणाऱ्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ समितीने रोजची मर्यादा वजनाच्या दर किलोला 15 मिलिग्रॅम धरली आहे. साठ किलोच्या माणसाला 900 मिलिग्रॅम, म्हणजे शंभरावर चमचे साखरेची गोडी. एवढा चहा कोणी पीत नाही.

दिरांनी ऐकलेलं कॅन्सरचं बहुधा दुसऱ्याच गोडव्यांचं, सॅकरिन आणि अ‍ॅस्पार्टेमचं आहे. 1970च्या दशकात सॅकरिनने उंदरांच्या मूत्राशयात गाठी झाल्या, म्हणून अमेरिकेत त्याच्या पाकिटावर इशारा छापत. ते उंदरांच्या लघवीच्या विशिष्ट घडणीमुळे होतं, माणसाला लागू नाही, हे पुढे कळलं आणि 2000 साली सॅकरिन तिथल्या कॅन्सरकारक पदार्थांच्या यादीतून निघालं. 2023 मध्ये अ‍ॅस्पार्टेमला 'कॅन्सरची शक्यता असू शकते' अशा गटात टाकलं, पण त्याची रोजची मर्यादा बदलली नाही. ह्यांच्या गोळीत नेमकं काय आहे ते डबीवर वाचा. पथ्याचं मात्र त्यांच्या डॉक्टरांनाच विचारा, मी करिअरवाला माणूस.

आता मुलाकडे वळू. त्या कागदाला सेफ्टी डेटा शीट म्हणतात, त्याचे सोळा भाग असतात. 'धूळ श्वासात घेऊ नका, डोळे धुवा' ही वाक्यं मिठाच्या शीटवरही सापडतील. तुम्ही घाबरलात त्यात नवल नाही, पण त्याने दाखवला तो तयार मालाचा कागद. मुलगा काम करणार तो कच्च्या मालाजवळ. सुक्रालोज साखरेपासूनच बनतं. साखरेच्या रेणूतले तीन हायड्रॉक्सिल गट काढून तिथे क्लोरीन बसवतात आणि ते बसवायला लागणारी रसायनं गोड नसतात. त्यासाठी थायोनिल क्लोराइड किंवा फॉस्फरस ऑक्सिक्लोराइड वापरतात, सोबत डीएमएफ नावाचं सॉल्व्हंट, म्हणजे बाकीची रसायनं विरघळवणारा द्रव. कंपनी नेमकं काय वापरते ते तिला विचारा आणि त्या प्रत्येकाची शीट मागा. शोधायचा तो कागद हा.

थायोनिल क्लोराइडला पाणी लागलं की हायड्रोजन क्लोराइड आणि सल्फर डायऑक्साइड भसाभस सुटतात, दोन्ही फुप्फुसं जाळणारे वायू. ओला पाइप, पावसाळ्यात उघडा राहिलेला ड्रम, धुऊन नीट न वाळवलेला रिअ‍ॅक्टर, म्हणजे रसायनांची क्रिया होते ती टाकी, एवढं पुरतं. डीएमएफचा स्वभाव उलटा. तो आरडाओरडा करत नाही. कातडीतून आत जातो आणि यकृतावर बसतो. त्याच्या संपर्कात असलेल्या माणसाने दारू घेतली तर चेहरा लाल होतो, छातीत धडधडतं. पोरगा पीत नसेल, पण शिफ्टमधल्या मित्रांना पार्टीनंतर असं होत असेल तर त्या प्लांटमध्ये डीएमएफ अंगाला लागतंय असा संशय घ्यायचा. आणि कापडी किंवा धुळीचा मास्क या वाफेला काडीचाही अडवत नाही. तिला सेंद्रिय वाफेचं कार्ट्रिज, म्हणजे वाफ शोषणारी डबी, असलेला मास्क लागतो आणि त्या कार्ट्रिजची मुदत संपते. बऱ्याच ठिकाणी मास्क नवा दिसतो आणि कार्ट्रिज केव्हाची मेलेली असते.

शेवटच्या टप्प्यावर, म्हणजे ड्रायर, दळण, चाळण, पॅकिंग इथे पावडर हाच धोका. पोटात गेली म्हणून नाही, हवेत उडाली म्हणून. आपल्याकडच्या जिनिंगमध्ये उडणारा कापूस ठिणगीने कसा पेटतो ते तुम्ही पाहिलं असेल, बारीक सेंद्रिय भुकटी त्याहून वाईट वागते. 7 फेब्रुवारी 2008 रोजी अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या एका साखर कारखान्यात साठलेल्या साखरेच्या धुळीचा स्फोट होऊन 14 माणसं गेली. साधी साखर! म्हणून मशिनला अर्थिंग आहे का, सांडलेली पावडर कोरड्या झाडूने उडवतात की योग्य व्हॅक्यूमने उचलतात, तुळयांवर पांढरा थर आहे का, हे डोळ्यांनी बघायचं. सुक्रालोज जास्त तापलं तर त्यातूनही हायड्रोजन क्लोराइड निघतो, त्यामुळे गोदामात ते थंड आणि कोरडं ठेवावं लागतं.

एक फुकटातली तपासणी सांगतो. एवढ्या गोड पावडरची चिमूटभर धूळही जिभेला कळते. संध्याकाळी खोलीवर येऊन ओठ गोड लागले, तर मास्क बसत नाही किंवा कुठेतरी गळती आहे, आणि सुपरवायझरला सांगायचं. मुद्दाम चाखून बघायचं मात्र नाही. गंमत अशी, की हे गोडवे सापडले तेच निष्काळजीपणातून. सॅकरिन 1879 साली फालबर्गने हात न धुता जेवण केल्यामुळे सापडलं, अ‍ॅस्पार्टेम 1965 साली श्लॅटरने बोट चाटल्यामुळे, आणि सुक्रालोज 1976 साली लंडनच्या क्वीन एलिझाबेथ कॉलेजात शशिकांत फडणीस या आपल्या माणसाने चाखल्यामुळे. तिघेही नशीबवान! आज प्लांटमध्ये असं केलं तर नोकरी जाईल, आणि जायलाच हवी.

मग पाठवायचं का? माझं मत, पाठवा, पण कंपनीची उत्तरं ऐकून. भोपाळनंतर 1987 मध्ये कारखाना कायद्यात धोकादायक प्रक्रियांवर एक वेगळं प्रकरणच घातलं गेलं. अशा कामावर घेण्याआधी आणि नंतर दर वर्षाच्या आत वैद्यकीय तपासणी, आणि धोक्याची माहिती कामगाराला देणं हे तेव्हापासून मालकाचं काम आहे, उपकार नव्हे. मुलाने कंपनीच्या एचआरला मेल करून सरळ विचारावं: जॉइनिंगच्या आधी मेडिकल होतं का, त्यात लिव्हर फंक्शन, म्हणजे यकृताची रक्ततपासणी, असते का, माझ्या प्लांटमध्ये कोणकोणती सॉल्व्हंट आहेत, पगार कंपनीच्या रोलवर की ठेकेदाराकडून? शेवटचा प्रश्न लाजून टाळू नये. ठेकेदाराच्या माणसाचा मास्क आणि मेडिकल दोन्ही कागदावरच राहण्याची भीती जास्त असते. कंपनी उत्तर द्यायला टाळाटाळ करत असेल, तर ते उत्तरच समजा आणि एमएस्सीचा फॉर्म भरा.

प्लांट पाहू दिला तर आयवॉश (डोळे धुवायचा नळ) आणि सेफ्टी शॉवर स्वतः चालू करून बघावा, पाणी येतं का. रिकाम्या टाकीत माणूस उतरवण्याआधी आतला ऑक्सिजन मोजतात का, आत जायची लेखी परवानगी, म्हणजे परमिट, लिहितात का, हेही विचारावं. अशा टाकीत नायट्रोजन भरलेला असू शकतो; त्याला वास नसतो, आत गेलेला माणूस ओरडण्याआधीच कोसळतो.

अंकलेश्वर लांब म्हणून जवळचं शोधू, असाही विचार मनात येईल. 2019 साली शिरपूरजवळ वाघाडीच्या केमिकल कारखान्यातला स्फोट तुम्हाला आठवत असेल. घराजवळचा कारखाना आपोआप सुरक्षित होत नाही. उलट अंकलेश्वरला चार कंपन्या बघून चांगली निवडता येते, आणि सुरतेची गाडी पकडून दिवाळीला घरी येता येतं.

एमएस्सीबद्दल थोडक्यात. संशोधनात किंवा शिकवण्यात मन असेल तर जळगावच्या विद्यापीठात अवश्य जावं. नुसतं 'केमिकलची भीती वाटते' म्हणून जाणार असेल तर नको, दोन वर्षांनी याच दारात उभं राहायचं आहे. प्लांटवर काही वर्षं काढून, सुपरवायझर होऊन इंडस्ट्रियल सेफ्टीचा अ‍ॅडव्हान्स डिप्लोमा केला तर केमिस्ट्रीच्या पदवीधराला सेफ्टी ऑफिसरचं दार उघडतं. अनुभवाची अट बीएस्सीवाल्याला इंजिनिअरपेक्षा जास्त वर्षांची आहे, म्हणून घड्याळ लवकर सुरू झालेलं बरं. महाराष्ट्राच्या नियमांत या पदासाठी तिथल्या बहुसंख्य कामगारांची भाषा यावी अशीही अट आहे. नरडाणा, अवधान, जळगावच्या एमआयडीसीत अहिराणीत धोका समजावून सांगणारा सेफ्टी ऑफिसर मिळाला तर मालकाला हवाच असतो.

निघण्याआधी चोपड्यातच त्याची लिव्हर फंक्शन टेस्ट आणि छातीचा एक्स-रे करून रिपोर्ट घरी फाइलला लावा, म्हणजे पुढे काही बदल झाला तर तुलना करायला आधीचे आकडे हाताशी राहतील. कामाचे कपडे कारखान्यातच धुवायची सोय आहे का तेही त्याच मेलमध्ये विचारायला सांगा. नसेल तर ते वेगळ्या बादलीत धुवायचे, खोलीतल्या पोरांच्या कपड्यांत नाही. मेल आजच जाऊ द्या, उत्तर यायला दोन-तीन दिवस लागतील.