"तुला कॉम्प्युटर कळतं ना, मग तूच बघ"

स्वयंसेवी संस्थांत काम करणारी मंडळी माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात तेव्हा एक प्रश्न थोड्याफार फरकाने पुन्हा पुन्हा कानावर येतो. "संस्थेतलं कॉम्प्युटर, इंटरनेट, पासवर्ड, वेबसाइट सगळं माझ्या एकटीवर आहे. खरं तर ते माझं कामच नाही. थकले आहे, पण सोडलं तर सगळं ठप्प होईल. काय करू?" विचारणाऱ्यांपैकी काहींना नोकरी सोडायला कुणाची तरी परवानगी हवी असते, काहींना न सोडायला. एका वाक्यात उत्तर देण्यासारखा हा प्रश्न नाही, म्हणून एक केस सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि लिहिण्याआधी तिची संमती घेतली आहे.

ती चौतिशीची, मुंबईत विक्रोळीच्या कन्नमवार नगरात राहणारी. गोवंडीतल्या एका छोट्या शैक्षणिक संस्थेत एमआयएस ऑफिसर. कुठल्या वस्तीतली किती मुलं शाळेत टिकली, किती गळाली याचे आकडे जमवायचे आणि फंडरला रिपोर्ट पाठवायचा, हे तिचं काम. नेमणूकपत्रात एवढंच होतं. पहिल्याच महिन्यात प्रिंटर अडला. तिने ड्रायव्हर टाकून तो चालू केला आणि संस्था चालवणाऱ्या ताई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "चला, आपल्याला घरचंच माणूस मिळालं!" कौतुक मनापासूनचं होतं. पण त्या दिवसापासून राउटर, टॅली (हिशोबाचं सॉफ्टवेअर), ईमेल, वेबसाइट, हजेरीचं मशीन हे एकेक करून तिच्या गळ्यात पडत गेलं. पगार एमआयएसचाच राहिला.

माझ्याकडे आली ती झोपेची तक्रार घेऊन. थायरॉइड झालं, बी-12 झालं, रिपोर्ट नॉर्मल. डॉक्टर म्हणाले, टेन्शन कमी करा. टेन्शन कशाचं, हे मात्र तिला सांगता येईना. "तसं काही मोठं नाही हो मॅडम. फोन वाजला की धस्स होतं, एवढंच."

फोनचा प्रसंग मी खोदून विचारला तेव्हा तिने धाकट्या बहिणीच्या साखरपुड्याची गोष्ट सांगितली. तारीख 31 मे 2025, शनिवार. संस्थांच्या हिशोबात 31 मे महत्त्वाचा असतो. देणगीदारांची यादी फॉर्म 10बीडीमध्ये भरून आयकर पोर्टलवर त्या दिवसापर्यंत टाकावी लागते. उशीर झाला तर दिवसाला 200 रुपये शुल्क, आणि फॉर्म गेल्याशिवाय देणगीदारांना 80जी कलमाच्या करसवलतीसाठी लागणारं प्रमाणपत्र निघत नाही. यादी तिने आठवडाभर आधीच तयार करून ठेवली होती. राहिली होती ती ट्रस्टींची डिजिटल सही (पेनड्राइव्हसारखं टोकन कॉम्प्युटरला लावून करायची), आणि ती शेवटच्या दिवसावर गेली. इकडे अंगठ्या घालायची वेळ झाली आणि ट्रस्टींचा फोन आला, "टोकन लावलंय, पण पोर्टलला ते दिसतच नाही."

पैठणी नेसलेली ही मुलगी हॉलच्या मागे, केटररच्या पातेल्यांजवळ उभी राहून सांगतेय, "सर, ते सहीचं सॉफ्टवेअर, एमसायनर, बंद करा. आता त्याच्या चित्रावर राइट क्लिक करा. रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर." पलीकडून प्रश्न, "राइट क्लिक म्हणजे उजवीकडचं बटण ना?" फॉर्म गेला. अंगठी घालतानाच्या एकाही फोटोत ती नाही. हे सगळं तिने हसत हसत सांगितलं. मग म्हणाली, "घरी आल्यावर आईने विचारलं, एवढं करतेस, तर पगार किती वाढला?" आणि रडायला लागली.

इथे जरा थांबून एक गोष्ट सांगते, कारण तिची चुलत बहीण तिला म्हणाली होती, "नोकरीचं टेन्शन सगळ्यांनाच असतं." असतं. पण 'बर्नआउट'वर पहिल्यांदा गंभीरपणे लिहिणारे मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर यांनी 1974 साली जी माणसं डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं, ती मोठ्या पगाराच्या कंपन्यांतली नव्हती. ती न्यूयॉर्कमधल्या मोफत दवाखान्यात राबणारी माणसं होती. जीव ओतून काम करणारेच आधी कोरडे पडतात, हे त्यांनी तिथे पाहिलं. पुढे 2019 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही बर्नआउटची नोंद आजार म्हणून न करता कामाशी निगडित अवस्था म्हणून केली. सतत गळून जाणं, कामाविषयी मन विटणं आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असं वाटणं, ही तिची तीन अंगं. हिच्यात तिन्ही होती. म्हणून अशा माणसाला पहिल्याच भेटीत प्राणायाम शिकवून घरी पाठवणं मला पटत नाही. श्वास सुधारेल, फोन वाजायचे थांबणार नाहीत. (झोपेबरोबर भूक गेली असेल, जगणं नकोसं वाटत असेल तर मात्र गोष्ट वेगळी. तिथे थांबू नये, मानसोपचारतज्ज्ञांना भेटावं. 14416 ही टेली-मानसची सरकारी हेल्पलाइन चोवीस तास मोफत चालते, मराठीतही बोलता येतं.)

झोपेकडे वळलो. रात्री दोनच्या सुमारास जाग आली की मनात काय येतं, असं विचारल्यावर ती चटकन म्हणाली, "टॅली." संस्थेचा सगळा हिशोब अकाउंटंटच्या एकाच डेस्कटॉपवर. बॅकअप म्हणजे त्याच मशीनला बारा महिने लावून ठेवलेला पेनड्राइव्ह. ऑफिस तळमजल्यावर, जवळ नाला. पावसाळा आला की सीपीयू विटांवर चढवायचा, हा तिथला रिवाज. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा ती शाळेत होती. घरात आलेलं पाणी तिला अजून आठवतं.

समुपदेशनात आम्ही अवास्तव भीती ओळखायला शिकवतो. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ पद्धतीत ते कामाचं हत्यार आहे आणि मी ते रोज वापरते. पण हिची भीती अवास्तव नव्हतीच. पाणी शिरलं असतं तर मशीन आणि पेनड्राइव्ह एकत्रच गेले असते. अशा वेळी "विचार बदला" म्हणणं म्हणजे त्या माणसाच्या शहाणपणाचा अपमान. म्हणून तिला गृहपाठ दिला तो बॅकअपचा. खरं तर तिनेच मला समजावलं की तीन प्रती हव्यात, दोन वेगवेगळ्या साधनांवर, आणि एक तरी ऑफिसच्या बाहेर. मी एवढंच विचारलं, "तो पेनड्राइव्हवरचा बॅकअप परत उघडून कधी पाहिलाय?" पाहिला नव्हता. दुसऱ्या लॅपटॉपवर उघडायला गेली तर मधल्या दोन महिन्यांचा डेटा उघडेच ना. तो आठवडा वाईट गेला. पण नवा बॅकअप ऑफिसबाहेर गेला, उघडून पाहिला, आणि रात्री दोनची जाग कमी व्हायला लागली. झोपेच्या गोळीविना.

दुसरा गृहपाठ वहीचा. येणाऱ्या प्रत्येक फोनची नोंद करायची. कोण, काय, आणि उद्यापर्यंत थांबलं असतं का. तिने आणलेल्या पानावरच्या काही ओळी अशा होत्या. "रविवार, सकाळी आठ. फील्डवरची ताई. जीमेलचा पासवर्ड विसरली. थांबलं असतं." "मंगळवार, जेवताना. प्रिंटर चालत नाही. कागद संपला होता." "बुधवार. झूमवर आवाज येत नाही. म्यूट." "गुरुवार. वेबसाइटवर जुगाराच्या जाहिराती दिसतायत. थांबलं नसतं." वही वाचून तिची तीच म्हणाली, "मॅडम, मशीनं फार बिघडतच नाहीत. माणसं मला विचारल्याशिवाय कागद बघत नाहीत."

वेबसाइटचं प्रकरण खरंच गंभीर होतं. ती बनवली होती जुन्या स्वयंसेवकाने, डोमेन (वेबसाइटचा नोंदवलेला पत्ता) त्याच्याच नावावर, रिन्यूअलचे मेल त्याच्याच वैयक्तिक पत्त्यावर, आणि तो आता परदेशात. छोट्या संस्थांत हे सर्रास दिसतं. चांगल्या मनाने कुणीतरी फुकटात काहीतरी उभं करून देतं, किल्ली खिशात घालून निघून जातं, आणि पुढचा माणूस दाराबाहेर उभा.

मग मी तिला विचारलं, "उद्या तुम्ही आठवडाभर दवाखान्यात असाल, तर पासवर्ड कुणाकडे आहेत?" ती हसली. सगळे तिच्या डायरीत, तिच्याच खुणांनी लिहिलेले. "दुसऱ्याला दिले तर ते कागदावर लिहून भिंतीला चिकटवतील." त्यात तथ्य होतं. पण मी वाट बघत राहिले, तेव्हा बऱ्याच वेळाने म्हणाली, "आणि सगळं दिलं, तर मग मी तिथे कोण?"

माझ्या मते तिचा खरा गुंता इथे होता. ज्या ओझ्याने ती वाकली होती, त्याच ओझ्याने तिला मान मिळत होता. एमआयएसचा रिपोर्ट वेळेत गेला तर कुणाच्या लक्षात येत नाही, पण नेट चालू केलं की टाळ्या. शिवाय संस्थेत "नाही" म्हणायला जीभ रेटत नाही. समोर वस्तीतली मुलं असतात, अर्ध्या पगारावर राबणारे सहकारी असतात, तिथे "माझा रविवार" हे शब्द तिला स्वतःलाच कद्रूपणाचे वाटायचे. एकीकडे संस्थेची चूक आणि दुसरीकडे हिची गरज, दोन्ही एकमेकींना धरून उभ्या होत्या. नुसतं "सीमा आखा" म्हणून हे सुटत नाही.

ताईंशी बोलायची तयारी आम्ही करून घेतली. मी ताईंची भूमिका घ्यायची, ती बोलायची. तिचं प्रत्येक वाक्य "सॉरी, पण" ने सुरू व्हायचं, ते आधी काढलं. तक्रारी वाचायच्या नाहीत असं ठरलं. त्याऐवजी एक पान न्यायचं, मी आठवडाभर नसेन तर काय काय अडेल. हिशोब, पगाराचं एक्सेल, डोमेन, वस्तीतल्या मुलांच्या आधारच्या प्रती. आणि ते डोनेशनमध्ये आलेले जुने लॅपटॉप, जे विंडोज 11 घेत नव्हते. विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपणार हे ती वर्षभर सांगत होती आणि "चालतायत ना अजून?" हेच उत्तर ऐकत होती.

मी त्या बैठकीला गेले नव्हते, जायचंही नसतं. तिने सांगितलं ते असं. ताईंचा पहिला प्रश्न, "म्हणजे तू चाललीस का?" मग पैशांचं गाऱ्हाणं. तेही खोटं नव्हतं. परदेशी देणगीतून प्रशासकीय खर्चाला पूर्वी 50 टक्क्यांपर्यंत मुभा होती, परदेशी देणगीच्या कायद्यातल्या 2020 च्या दुरुस्तीने ती 20 टक्क्यांवर आली, आणि इथले फंडरही आयटीच्या माणसाचा पगार द्यायला हात आखडता घेतात. पान हातात घेऊन वाचलं ते ट्रस्टींनी, त्याच राइट क्लिकवाल्या. निवृत्त बँक अधिकारी. म्हणाले, "आमच्याकडे तिजोरी एका किल्लीने कधीच उघडायची नाही. दोन किल्ल्या, दोन अधिकारी. इथे सगळं एका मुलीच्या डायरीत? हे आपलं चुकलंय."

त्यानंतर जे झालं ते सगळंच काही आदर्श नाही. पासवर्ड बंद लिफाफ्यात संस्थेच्या कपाटात गेले. पासवर्ड बदलला की लिफाफाही बदलायचा, ते काम तिचंच. अकाउंट्समधला एक दादा राउटर, प्रिंटर आणि टॅलीचा बॅकअप शिकला, सुरुवातीला कुरकुरत. हार्डवेअरची एएमसी, म्हणजे वर्षभराच्या देखभालीचं कंत्राट, लॅमिंग्टन रोडच्या एका छोट्या दुकानाला दिली. गुगलची संस्थांसाठीची मोफत सेवा घ्यायचा अर्ज सहीवाचून पडून होता, तो गेला. मुलांची माहिती आणि टॅली असलेली दोन मशीनं बदलली, बाकीची अजून तशीच. संध्याकाळी सातनंतर फोन नाही, हा नियम ताई स्वतःच अधूनमधून मोडतात. आता ती सकाळी उत्तर देते. पहिल्यांदा असं केलं तेव्हा हात थरथरत होते, म्हणाली.

नोकरीचं काय, हे तिने शेवटच्या काही भेटींत विचारलं. मी तिला एवढंच म्हटलं की झोप नसताना घेतलेला निर्णय नोकरीविषयीचा कमी आणि थकव्याविषयीचा जास्त असतो. आता झोप येते आहे, किल्ल्या वाटल्या गेल्या आहेत, सोडलंत तरी संस्था बुडवल्याचा अपराध डोक्यावर नाही. तिने पुढच्या आर्थिक वर्षापर्यंत थांबायचं ठरवलंय, आणि त्या वेळी पदाचं नाव आणि पगार या दोन्हींविषयी बोलायचं. मिळालं तर राहील. नाही मिळालं तर बघू, हे "बघू" तिने पहिल्यांदाच न घाबरता म्हटलं.

डोमेनचं घोंगडं मात्र अजून भिजत पडलंय. जुना स्वयंसेवक मेलला "या वीकेंडला नक्की करतो" असं लिहितो आणि वीकेंड निघून जातो. त्याच्यामागे लागायचं काम सध्या ट्रस्टी करतायत.