मे महिन्यात आई-वडील आणि मुलीला घेऊन पाच दिवसांत दुबई पाहणे आणि खरेदी कशी जमवावी?

आपण विचारले आहे की, मेच्या दुसऱ्या आठवड्यात सत्तरीचे आई-वडील, पत्नी आणि दहा वर्षांची मुलगी यांना घेऊन पुण्याहून पाच दिवस दुबईला जायचे आहे, पाहण्याच्या ठिकाणांची यादी बावीसवर गेली आहे आणि आईंना सोन्याच्या बांगड्याही तेथूनच घ्यायच्या आहेत, तर हे सारे कसे बसवावे. मी कोथरूडला राहतो आणि जवळजवळ अशाच कुटुंबाला घेऊन, याहूनही वाईट हंगामात, तेथे जाऊन आलो आहे. त्या अनुभवावरून सांगतो की यादीत काटछाट करण्याआधी दिवसाचे वेळापत्रक बदलावे लागेल, कारण उन्हाळ्यातल्या दुबईत काय पाहावे यापेक्षा ते कोणत्या वेळी पाहावे यावर सगळे अवलंबून असते.

पुण्याचा उन्हाळा अंगवळणी पडलेल्या माणसाची तेथे फसगत होते. आपल्याकडे एप्रिलमध्ये पारा 40 अंशांवर गेला तरी हवा कोरडी असते, घाम वाळतो आणि सायंकाळी वारा सुटला की गच्चीत बसता येते. दुबई वाळवंटात असली तरी समुद्राच्या काठावर आहे, त्यामुळे तेथील उन्हाला दमटपणाची जोड असते, घाम अंगावरच राहतो आणि सूर्य मावळल्यावरही जिवाला म्हणावा तसा आराम पडत नाही. दुपारच्या उन्हाची तेथे किती धास्ती घेतली जाते हे एवढ्यावरून कळेल की दरवर्षी 15 जून ते 15 सप्टेंबर या काळात दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर मजुरांकडून काम करून घेण्यास बंदी असते. आपण मेमध्ये जाणार असल्याने सर्वांत वाईट दिवस टळतील, तरीही दिवसाचे तापमान चाळिशीच्या आसपास असेल असेच धरून चालावे. मुलीची शाळा आड येत नसेल तर नोव्हेंबरचा शेवट ते फेब्रुवारी हा काळ केव्हाही चांगला. ग्लोबल व्हिलेज ही देशोदेशींच्या दालनांची जत्रा आणि फुलांचे मिरॅकल गार्डन ही ठिकाणे तर भर उन्हाळ्यात बंदच असतात, आणि 1996 पासून चालत आलेला खरेदी महोत्सवही हिवाळ्यातच भरतो.

मी गेलो होतो जूनच्या पहिल्या आठवड्यात. प्रवास ठरवून देणाऱ्याने छापलेल्या कार्यक्रमात ‘जुने शहर, दुपारी दोन ते चार’ असे लिहिले होते आणि मी ते मुकाट्याने पाळले. खाडीकाठच्या बर दुबई या जुन्या भागातल्या कापडबाजारात पोहोचलो तर निम्मी दुकाने बंद, कारण जुन्या बाजारांतले बरेच दुकानदार एकच्या सुमारास दुकान ओढून घेतात आणि चारच्या सुमारास उघडतात. (एक ते चारची झोप ही फक्त आपलीच मिरास आहे असे समजणाऱ्या पुणेकराला हे पाहून जरा वाईटच वाटते.) परतताना खाडीच्या काठावर आईला चक्कर आली. जवळच एका शिंप्याचे दुकान उघडे होते. त्याने तिला आत गारव्यात बसवून पाणी दिले म्हणून निभावले. त्या दिवसापासून सकाळी साडेनऊपर्यंत बाहेर, अकरा ते पाच छपराखाली किंवा खोलीवर, आणि सायंकाळनंतर पुन्हा बाहेर, असा क्रम आम्ही ठरवला आणि उरलेले तीन दिवस सुखाचे गेले.

हा क्रम पाळायचा असेल तर हॉटेल दूरच्या समुद्रकिनारी घेऊ नये. दुपारी खोलीवर येऊन तासभर पडता आले पाहिजे, म्हणून बर दुबई किंवा खाडीपलीकडच्या देराच्या भागात, मेट्रो स्थानकाजवळचे साधे हॉटेल घ्यावे. तेथे मीना बाजार आणि करामा हे भारतीय खाणावळींचे भाग जवळ असल्याने आई-वडिलांच्या शाकाहारी जेवणाचीही चिंता मिटते. दुबईचे घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे आहे, त्यामुळे पहाटे साडेपाचला उठणाऱ्या आपल्या वडिलांना तेथे चारलाच जाग येईल. पहिल्या एक-दोन दिवशी याचा फायदा घेऊन सातलाच बाहेर पडावे.

त्या सकाळी अल फहिदी हा जुना भाग पाहावा असे मी आग्रहाने सांगेन, कारण वाळवंटातल्या शहरात वीज येण्यापूर्वी माणसे कशी राहत होती हे तेथे डोळ्यांनी दिसते. इराणच्या बस्तक गावाकडून आलेल्या व्यापाऱ्यांनी बांधलेल्या या घरांवर चौकोनी मनोरे आहेत. त्यांना बारजील म्हणतात. चारही बाजूंनी उघडा असलेला हा मनोरा वरचा वारा पकडून खालच्या खोलीत उतरवतो आणि आतली तापलेली हवा दुसऱ्या बाजूने बाहेर जाऊ देतो. मधला चौक आणि त्याभोवती जाड भिंतींच्या खोल्या ही रचना आपल्या वाड्यांच्या जवळची असल्यामुळे माझ्या आईला गगनचुंबी इमारतींपेक्षा हाच भाग अधिक आवडला. तेथून चालत खाडीवर यावे आणि अब्रा नावाच्या उघड्या लाकडी होडीतून पलीकडे देराला जावे. भाडे एक दिरहम. पाच दिवसांत इतक्या स्वस्तात इतका आनंद दुसऱ्या कशाने मिळणार नाही.

828 मीटर उंचीचा बुर्ज खलिफा आणि त्याला लागून असलेला दुबई मॉल यांसाठी एक पूर्ण दुपार आणि सायंकाळ राखून ठेवावी. सूर्यास्ताच्या वेळेचे तिकीट महाग असते, आणि उन्हाळ्यात हवेत धूळ असल्याने सूर्यास्त नीट दिसेलच असे नाही. त्यापेक्षा अंधार पडल्यावर दिव्यांचे शहर पाहावे. मॉलमधल्या मत्स्यालयाची भव्य काच बाहेरून विनातिकीट दिसते आणि सायंकाळचे कारंजेही विनामूल्य आहे, तेव्हा मुलीसाठी वेगळा खर्च करण्याआधी हे पाहून घ्यावे. मेट्रो स्थानकापासून मॉलपर्यंतचा वातानुकूलित मार्ग पाऊण किलोमीटरच्या पुढे जातो, म्हणून आई-वडिलांना टॅक्सीने थेट दारात न्यावे. इतर प्रवासासाठी मेट्रोचे नोल कार्ड (आगाऊ पैसे भरून वापरायचे प्रवासकार्ड) पुरते, मात्र डब्यात खाणेपिणे केल्यास 100 दिरहम दंड होतो, हे मुलीला आधीच सांगून ठेवावे. मॉलमध्ये थंडी इतकी असते की आईंच्या पिशवीत शाल हवीच. वाळवंटातली सफर एका सायंकाळी करता येईल, पण ज्यांना पाठीचा त्रास आहे त्यांना टेकड्यांवरून गाडी उडवण्याच्या प्रकारातून वगळून थेट तंबूपाशी नेण्यास चालकाला सांगावे. बाकीची यादी मी निःसंकोच सोडून देईन.

आता सोने. देराच्या सोनेबाजारात सोन्याचा भाव दिवसाला ठरतो आणि तो सर्व दुकानांत जवळपास सारखाच असतो, त्यामुळे भावावर घासाघीस करण्यात अर्थ नाही. घासाघीस करायची ती घडणावळीवर. तेथे लक्ष्मी रोडवर कमावलेली सगळी चिकाटी वापरावी आणि एकदा तरी दुकानातून उठून निघावे. मात्र ‘दुबईचे सोने स्वस्त’ ही समजूत आता फारशी खरी राहिलेली नाही, कारण जुलै 2024 मध्ये भारताने सोन्यावरील आयातशुल्क 15 टक्क्यांवरून 6 टक्क्यांवर आणले आणि दोन्हीकडच्या भावातला फरक आटला. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, ठरावीक वजनाचे दागिने शुल्काविना आणण्याची जी सवलत लोक सांगतात ती वर्षाहून अधिक काळ परदेशी राहून परतणाऱ्यांसाठी आहे, पाच दिवसांच्या पर्यटकासाठी नव्हे. आईंना हौस असेल तर अवश्य घ्याव्यात, पण पावती जपून ठेवावी, उतरल्यावर माल जाहीर करावा आणि बांगड्यांची किंमत शुल्कासह मोजावी. जाताना जे जड दागिने अंगावर असतील त्यांची नोंद येथल्या विमानतळावर सीमाशुल्क कक्षात करून दाखला घ्यावा, म्हणजे परतताना ते नवे नाहीत हे सिद्ध करत बसावे लागत नाही.

1 जानेवारी 2018 पासून तेथे 5 टक्के मूल्यवर्धित कर आहे. कर परत देण्याच्या योजनेत सहभागी दुकानात किमान 250 दिरहमची खरेदी केली की पर्यटकाला तो सेवाशुल्क वजा जाता परत मिळतो. त्यासाठी बिल करतानाच पासपोर्ट दाखवावा लागतो आणि विमानतळावर बॅगा सोपवण्यापूर्वी नोंद पूर्ण करावी लागते. माझे पैसे बॅगा आधी सोपवल्यामुळे गेले. दिरहम डॉलरला 3.6725 या दराने बांधलेला आहे, तेव्हा वर्तमानपत्रातला डॉलरचा भाव सुमारे 3.67 ने भागला की दिरहमचा अंदाज येतो. (1966 पर्यंत तेथे रिझर्व्ह बँकेने काढलेला आखाती रुपयाच चालत असे, हे आपल्या वडिलांना ऐकायला आवडेल.) मसाले, खजूर आणि केशर शेवटच्या सायंकाळी घ्यावे, आधी घेऊन रोज ओझे वाहू नये.

बॅग भरताना एका गोष्टीकडे नक्की लक्ष द्यावे. संयुक्त अरब अमिरातीत खसखस बंदी असलेल्या पदार्थांत मोडते आणि आपल्याकडच्या घरगुती मसाल्यांत ती सर्रास असते. सुके खोबरे ज्वलनशील मानले जात असल्याने बॅगेतून काढून घेतले जाते. आई-वडिलांच्या नेहमीच्या गोळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीसह मूळ वेष्टनातच न्याव्यात, कारण कोडीनसारखे (खोकल्याच्या व वेदनेच्या काही औषधांतले अफूच्या जातीचे) घटक असलेली औषधे तेथे नियंत्रित आहेत. आणि आईंनी प्रवासासाठी बांधून दिलेली प्रत्येक पुडी आपण स्वतः उघडून पाहावी.