वाचक विचारतात : वहीतले वाक्य आणि कॅमेऱ्यांचा ठराव

प्रश्न : इंदूरच्या एका शासकीय शाळेच्या शाला प्रबंधन समितीत मी पालक सदस्य आहे. सातवीतल्या एका मुलाच्या वहीत ‘मी नसलो तर बरे होईल’ असे वाक्य सापडले. पूर्वी बडबड्या असलेला हा मुलगा काही आठवड्यांपासून गप्प आहे. वर्गशिक्षिकांनी पान फाडून विषय मिटवला. समितीत मात्र सुरक्षेसाठी कॅमेरे बसवण्याचा ठराव येतो आहे. आम्ही काय करावे?
– एक पालक, इंदूर

उत्तर : ठरावाला वेळ आहे, मुलाला नाही. मुलाचा ज्यांच्यावर विश्वास आहे अशा शिक्षकांनी आजच त्याला एकांतात बसवून, जीव द्यावासा वाटतो का, हे स्पष्ट शब्दांत विचारावे. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो ही समजूत चुकीची आहे; उलट कोणीतरी विचारल्यामुळेच पुष्कळ मुले प्रथमच मोकळी होतात. घरी मराठी बोलणाऱ्या आपल्याकडच्या मुलांना शाळेच्या हिंदीत मनातले सांगणे कधीकधी जड जाते, म्हणून कोणत्या भाषेत बोलायचे हे त्यालाच ठरवू द्यावे. उत्तर ‘हो’ असेल तर त्याला एकटे सोडू नये आणि घरच्यांना त्याच दिवशी बोलवावे. केंद्र सरकारची टेलिमानस ही फोनवरून मानसिक आरोग्यासाठी मदत देणारी सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य मिळते. बाणगंगेच्या मानसिक रुग्णालयाचे नाव काढताच घरचे बिचकले, तर आधी या क्रमांकावरच त्यांचे बोलणे करून द्यावे.

बोलता बोलता मारहाण किंवा अपमान समोर आला, तर शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नुसार शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोहोंना मनाई आहे, हे मुख्याध्यापकांना लेखी कळवा. लैंगिक अत्याचाराची शंका आली, तर शाळेने आपल्या पातळीवर चौकशी करत बसू नये, समझोता तर मुळीच करू नये. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणे बंधनकारक असून, हाताखालच्या माणसाचा असा गुन्हा दडवणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. मदतीसाठी १०९८ हा बालसाहाय्य क्रमांक आहे.

आता कॅमेरे. फाटकावर एखादा असावा, त्याला माझा विरोध नाही. परंतु वहीतले ते वाक्य कोणत्याही कॅमेऱ्याने टिपले नसते, आणि ज्यांनी ते वाचले त्यांना पुढे काय करायचे हेच ठाऊक नव्हते. शिक्षिकांना दोष देऊन भागणार नाही, कारण असे प्रशिक्षण त्यांना बहुधा मिळालेलेच नसेल. सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी दिलेल्या निर्देशांनुसार, शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेने किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमावा, त्याहून लहान संस्थेने बाहेरच्या तज्ज्ञांशी औपचारिक संबंध जोडावा, आणि कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दोनदा प्रशिक्षण द्यावे. शाळा विकास आराखडा तयार करणे हे शिक्षण हक्क कायद्याने समितीचेच काम असून समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात. तेव्हा ही मागणी आराखड्यात घालून जिल्हा शिक्षण अधिकाऱ्यांकडे पाठवा आणि पोच घ्या. इतिवृत्तात मात्र त्या मुलाचे नाव किंवा इयत्ता येऊ देऊ नका. समुपदेशकाची मागणी मंजूर झाली, एवढेच लिहावे.