मराठी विकिपीडियावर नव्याने लिहिणाऱ्यांसाठी

पहिल्याच दिवशी नवा लेख काढायच्या भानगडीत पडू नका. आपल्या तालुक्यातल्या एखाद्या गावाचा लेख उघडा. बरेचदा तिथे दोनच ओळी असतात, त्यातली एक ‘निसर्गाच्या कुशीत वसलेले सुंदर गाव’ छापाची. ती खुशाल काढा. त्याजागी जवळची नदी, २०११च्या जनगणनेतली लोकसंख्या घाला आणि आकड्यामागे संदर्भ जोडा. ‘गावात सगळ्यांनाच माहीत आहे’ हा संदर्भ होत नाही. जत्रेची बातमी वर्तमानपत्रात आली असेल तर ती चालते.

मराठी विश्वकोश जरूर वाचा, पण त्यातले परिच्छेद जसेच्या तसे डकवू नका. प्रताधिकारभंग (कॉपीराइटचा भंग) म्हणून मजकूर उडतो, आणि उडायलाच हवा. स्वतःच्या काकांवर किंवा संस्थेवर लेख तर नकोच.

साचे (माहितीचौकटीसारखे तयार नमुने), वर्ग (लेखांचे विषयवार गट) वगैरे हळूहळू जमतात. सराव धूळपाटीवर, म्हणजे सरावासाठीच्या पानावर करा. कुणी तुमचं संपादन उलटवलं, म्हणजे तुमचा बदल काढून लेख पूर्ववत केला, तर हट्टाने पुन्हा तेच टाकू नका. आधी लेखाचा इतिहास (कुणी कधी काय बदललं याची नोंद) पाहा, मग त्या लेखाच्या चर्चापानावर विचारा. उत्तराला वेळ लागतो, सगळे आपापली कामं सांभाळून येतात. फारच दिवस कुणी बोललं नाही, तर चावडीवर, म्हणजे सगळ्यांच्या सामाईक चर्चेच्या पानावर विषय काढा.