चालू साइटवर पोस्टग्रेसमधला इंटिजर कॉलम बिगइंट कसा करायचा?

पोस्टग्रेस डेटाबेसातल्या ऑर्डरच्या टेबलातला आयडी इंटिजरचा (पूर्णांकाचा) बिगइंट (मोठा पूर्णांक) करायचाय, ओळी काही कोटी आहेत आणि साइट बंद ठेवता येत नाही, असं तुम्ही विचारलंय. ऑल्टर टेबलची (टेबलाची रचना बदलणारी) ती एका ओळीची कमांड थेट चालू साइटवर, म्हणजे प्रॉडक्शनवर चालवू नका, ही कळकळीची विनंती.

इंटिजर ४ बाइटचा, बिगइंट ८ बाइटचा. म्हणून पोस्टग्रेस अख्खं टेबल नव्याने लिहितं आणि इंडेक्स पुन्हा बांधतं. तेवढा वेळ टेबलावर सगळ्यांत कडक लॉक असतो, साधं सिलेक्टसुद्धा (नुसतं वाचणंही) खोळंबतं. डिस्कवर जागाही जवळपास दुप्पट लागते. (व्हारकॅर, म्हणजे मजकुराचा कॉलम, ५० अक्षरांचा १०० करायचा असता तर बिनधास्त चालवा म्हटलं असतं; ९.२ आवृत्तीपासून त्यात टेबल पुन्हा लिहिलं जात नाही.)

मी शेजारी नवा कॉलम उभा करतो. बिगइंटचा रिकामा कॉलम जोडा, डीफॉल्ट देऊ नका. ट्रिगर (ओळ बदलली की आपोआप चालणारा कोड) लावा, म्हणजे येणारी-बदलणारी प्रत्येक ओळ नव्या कॉलमातही लिहिली जाईल. मग जुन्या ओळी पाच-दहा हजारांच्या तुकड्यांत भरत चला, दर तुकड्याला कमिट (बदल पक्का) करा. इथे घाई नको. ऑटोव्हॅक्यूमला, म्हणजे ओळींच्या जुन्या प्रती आपोआप काढणाऱ्या प्रक्रियेला, मागची साफसफाई करायला उसंत मिळायला हवी. भरून झालं की युनिक इंडेक्स कॉनकरंटली (टेबलावरचं लिहिणं न थांबवता) बांधा. नॉट नलसाठी (कॉलम रिकामा राहू नये म्हणून) आधी चेक कन्स्ट्रेंट, म्हणजे तशी अट, 'नॉट व्हॅलिड' (जुन्या ओळी अजून न तपासलेली) म्हणून घाला आणि नंतर व्हॅलिडेट करा. १२ आणि पुढच्या आवृत्त्यांत नॉट नल लावताना त्याचाच आधार घेतला जातो, टेबल पुन्हा तपासलं जात नाही. शेवटी एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये ट्रिगर काढा, नावं बदला, डीफॉल्ट आणि प्रायमरी की नव्या कॉलमावर आणा.

त्याआधी लॉक टाइमआउट (लॉकसाठी किती थांबायचं ती मर्यादा) दोन-तीन सेकंदांवर ठेवाच. कुणाची तरी लांबलचक रिपोर्टची क्वेरी चालू असेल, तर तुमची कमांड तिच्यामागे थांबते आणि बाकी सगळं ट्रॅफिक तुमच्या कमांडमागे. साइट हमखास आडवी होते ती इथेच. टाइमआउट झाला तर थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करा.

सीक्वेन्स, म्हणजे पुढचा आयडी देणारा मोजणारा, लोक हटकून विसरतात. सीरियलने (आपोआप वाढणाऱ्या आयडीच्या प्रकाराने) बनलेला सीक्वेन्स पोस्टग्रेसच्या १० व्या आवृत्तीपासून स्वतःच इंटिजर असतो, तोही बिगइंट करा. शिवाय त्याची मालकी नव्या कॉलमाकडे द्या, नाहीतर जुना कॉलम काढायला गेलात की पोस्टग्रेस सीक्वेन्सवरच्या डीफॉल्टमुळे अडवेल, आणि तिथे कॅस्केड (अवलंबून असलेलंही काढ) लावलंत तर सीक्वेन्सही जाईल.

पेमेंटसारख्या टेबलांत हाच आयडी फॉरेन की (या टेबलाकडे बोट दाखवणारा कॉलम) म्हणून असेल, तर ते कॉलम आधी रुंद करा. अॅप जावात असेल तर तिथला इंटही लाँग करावा लागेल.

सीक्वेन्स आज कुठवर पोचलाय ते कळवा. इंटिजरची कमाल मर्यादा २,१४,७४,८३,६४७ आहे; तिला तो टेकत आला असेल, तर हे सगळं करायला वेळ पुरेल का ते आधी बघावं लागेल.