बांधावर कोण उतरणार?

प्रश्न : मी विज्ञानकथा लिहितोय. सातशे वर्षं एकटा पडलेला ग्रह, जन्मावरून ठरलेल्या जाती आणि आता बाहेरून चालून येणारी जहाजं. जातींमुळे ग्रह दुबळा होतो हे कसं दाखवू? – एक वाचक, फोंडा

उत्तर : लढाईआधी दुरुस्ती दाखवा. माझं बालपण गोव्यातल्या दिवाडी बेटावर खाजनाकाठी, म्हणजे खाऱ्या पाण्यालगतच्या सखल शेतांकाठी गेलं. खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून मातीचा बांध, आणि त्यात मानस : भरतीच्या रेट्यानं मिटणारी, ओहोटीला उघडणारी लाकडी दारं. बांध फुटला की शेत खारावतं, मग माती गोडी व्हायला पावसाळे जावे लागतात. चिखलात कुणी उतरायचं, हे विचारायला वेळच नसतो. तुमच्या ग्रहावर मात्र नेमकं तेच विचारलं जातं. घुमटाची भेग पहिल्यांदा दिसते ती सफाईवाल्यांच्या मुलीला, आणि यंत्रघराचा उंबरठा तिला बंद. तुमची कथा तिथं आहे. डॉ. आंबेडकरांनी १९३६ साली म्हटलंच होतं, जात ही केवळ श्रमांची नव्हे, श्रमिकांची विभागणी आहे.

बाहेरची मदतही सहज आणू नका. आपल्या सूर्याच्या सर्वांत जवळच्या ताऱ्याकडे प्रकाशालाही ४.२ वर्षं लागतात. हाक पोचून उत्तर येईतो तान्हं मूल तिसरीत गेलेलं असेल.

आणि कळकळीची विनंती, हल्लेखोरांना मुक्तिदाते करू नका. गोव्यात १५१० साली पोर्तुगीज आले, पुढे कित्येकांचा धर्म बदलला. पण ख्रिस्ती घरांतही बामण आणि चार्दो या जाती राहिल्याच.